जर्मनीतला पहिला हिवाळा आणि भिंतीवरची बुरशी

स्टुटगार्टला आलो त्याच हिवाळ्यात मुलांच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी दिसली. पोटात गोळाच आला, धाकटी तिथेच झोपायची! हवा खेळती राहावी म्हणून आम्ही खिडकी दिवसभर तिरकी, किंचित उघडी ठेवायचो. चूक तीच. त्याने भिंत गार पडते आणि कुकरची, वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ तिथेच धरते.

शेजारच्या आजींनी ‘श्टोसल्युफ्टन’ शिकवलं: हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या ५ ते १० मिनिटं सताड उघडायच्या, मग घट्ट लावायच्या. दिवसातून तीनदा, शिवाय फोडणीनंतर लगेच. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. आर्द्रतामापकावरचा आकडा ७० वरून ५० टक्क्यांवर आला. बुरशी पुसून काढली, ती परत आलेली नाही.