सोसायटीच्या आवारातली जैवविविधता कशी जपावी

मुंबईतल्या जैवविविधतेचा विषय निघाला की आपण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे किंवा ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांकडे बोट दाखवतो. आपल्या हाती मात्र असते ते सोसायटीचे आवार, आणि तिथे नवी रोपे लावण्याआधी जे आहे ते टिकवणे अधिक गरजेचे असते.

सर्वप्रथम झाडांचे बुंधे पाहावेत. पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेले असतील, तर मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. खोडाभोवती निदान 1 मीटर जागा मुळे न दुखावता मोकळी करून घ्यावी आणि त्या मातीवर आवारातलाच पालापाचोळा पसरावा.

छाटणीचे काम सर्वांत नाजूक. आपल्याकडे ती पावसाळ्याच्या तोंडावर उरकली जाते आणि नेमक्या त्याच दिवसांत कावळ्यांच्या घरट्यांत अंडी-पिल्ले असतात, त्यांत कोकिळेचीही. म्हणून नेहमीची छाटणी पावसाळा सरल्यावर करावी. मेमध्ये फक्त धोकादायक फांद्या, त्याही घरटे नसल्याची खात्री करून, काढाव्यात. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी आधीच घ्यावी. ज्या वाळक्या फांदीखाली कोणाची ये-जा नाही, ती राहू द्यावी, कारण तांबट पक्षी आपली ढोली अशाच मऊ पडलेल्या लाकडात कोरतो.

यानंतर लागवड. बहावा, ताम्हण, करंज, बकुळ ही झाडे इथल्या पावसाला सरावलेली आहेत. (गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण म्हणून उभे जुने झाड तोडण्यात काहीच शहाणपण नाही.) जागा अपुरी असेल, तर कुंडीतले लिंबू आणि कढीपत्ताही पुरतात. त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसले, तर औषध फवारू नये. त्या बहुधा फुलपाखरांच्या कोवळ्या अळ्या असतात. 2015 मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेले ब्ल्यू मॉर्मॉन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. अळ्यांनी कुरतडलेली पाने काही दिवस पाहवत नाहीत खरी, पण निरोगी झाडाला पुन्हा पालवी फुटते.

पाचोळा साठू दिला की साप येतील, ही शंका सभेत हमखास निघते. पाचोळा भिंतींपासून आणि जिन्यांपासून दूर, झाडांच्या आळ्यांतच ठेवावा. ओला कचरा उघडा टाकू नये, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. तरीही साप दिसलाच, तर त्याला न डिवचता लांबून लक्ष ठेवावे आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.