विकण्याआधी जुनी चांदी घासू नका
आजीची अत्तरदाणी किंवा पानाचा डबा विकायचा असेल, तर आधी घासून लख्ख करू नका. हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते. नक्षीच्या खाचांत तो काळेपणा बसला की वेलबुट्टी उठून दिसते, आणि जाणकार गिऱ्हाईक नेमकं तेच बघतं. रांगोळीने किंवा राखेने घासलं की नक्षीच्या कडा आणि तळाचा शिक्का झिजतो, तो परत येत नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचं गरम पाणी तर खाचाही पांढऱ्याफटक करून टाकतं. धूळ मऊ सुती कापडाने टिपा, बस्स.

मुंबईच्या झवेरी बाजारात मोड, म्हणजे वितळवायला दिलेली जुनी चांदी, वजनावर जाते, तिथे चकाकीला भाव नाही. कारागिरीचे पैसे हवेत तर आधी चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या जुन्या वस्तूंच्या दोन-तीन दुकानांत दाखवा.