‘कळलं का?’ विचारू नका: पहिल्या वर्षाचं जीवशास्त्र शिकवताना या चुका टाळा

पेशीविभाजन शिकवून झालं होतं. सगळ्या अवस्था रंगीत खडूने फळ्यावर काढल्या, ॲनिमेशन दाखवलं, मुलांनी आकृत्या उतरवून घेतल्या. ‘कळलं का?’ म्हटल्यावर माना डोलल्या. पुढच्या तासाला मी दोन रंगांची लोकर घेऊन गेले. लाल धागे म्हणजे आईकडून आलेली गुणसूत्रं, पांढरे वडिलांकडून आलेली. पेशीत एकूण चार: एक लांब जोडी, एक आखूड जोडी. ‘डीएनएची प्रत तयार झाल्यावर हे कसं दिसेल, बाकावर मांडून दाखवा,’ म्हटलं. फिरून पाहिलं तर बऱ्याच बाकांवर एक लाल आणि एक पांढरा धागा मध्यभागी गाठ मारून जोडलेले! सिस्टर क्रोमॅटिडची व्याख्या या सगळ्यांच्या वहीत बिनचूक होती.

सिस्टर क्रोमॅटिड म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती. म्हणजे लाल लालालाच जोडलेला हवा. गुणसूत्रं चारच राहतात, क्रोमॅटिड आठ होतात. मिऑसिसच्या (बीजपेशी तयार करणाऱ्या पेशीविभाजनाच्या) पहिल्या विभाजनात लाल आणि पांढरा एकमेकांपासून दूर जातात आणि प्रत्येक पेशीत दोन गुणसूत्रं येतात; दुसऱ्या विभाजनात प्रती सुटतात. मेंडेलचा विभक्तीकरणाचा नियम, म्हणजे जोडीतला एकच घटक प्रत्येक बीजपेशीत जातो हा नियम, याच हालचालीवर उभा आहे. लाल-पांढऱ्याची गाठ डोक्यात तशीच राहिली तर पुढे आनुवंशिकतेची गणितं चुकणारच. आणि तेव्हा आपण म्हणणार, ‘मुलांचं गणित कच्चं आहे.’

माझ्या मते पहिल्या वर्षाच्या वर्गातली बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. विद्यार्थ्याच्या डोक्यातलं चित्र आपल्याला परीक्षेआधी दिसतच नाही.

चूक पहिली: ‘कळलं का?’ हाच प्रश्न मानणे

या प्रश्नाला ‘हो’ म्हणणं सगळ्यात सोपं असतं. त्याऐवजी असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर देताना मूल उघडं पडेल. माझा आवडता प्रश्न झाडाच्या वजनाचा आहे. एवढंसं बी, त्यातून शेकडो किलोंचा वृक्ष. हे लाकूड आलं कुठून? प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा ‘मातीतून’ किंवा ‘पाण्यातून’ असं उत्तर देतात.

त्यांना हसू नका, कारण त्यांच्या आधी सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ हेल्माँट चुकला होता. त्याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम २ औंस घटली. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हा प्रयोग छापून आला. त्याचा निष्कर्ष होता की झाड पाण्यापासून बनतं. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द याच माणसाने रूढ केला, आणि लाकडातला कार्बन हवेतल्या वायूतून येतो हे मात्र त्याच्या हातून निसटलं. ही गोष्ट वर्गात सांगितली की चुकीचं उत्तर देणाऱ्याची लाज जाते आणि ‘मग त्याने काय मोजलं नाही?’ ही चर्चा आपोआप सुरू होते.

प्रश्न विचारल्यावर थांबाही. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या वर्गनिरीक्षणात दिसलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद वाट पाहतात. ती वेळ ३ सेकंदांवर नेली तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. तीन सेकंदांची शांतता फळ्यापाशी उभ्या माणसाला फार मोठी वाटते. मनातल्या मनात आकडे मोजा.

चूक दुसरी: पूर्ण तास आपणच बोलणे

‘पोर्शन संपवायचा आहे’ ही सबब मीही वर्षानुवर्षं वापरली आहे. पण आपला पोर्शन संपला म्हणजे त्यांचाही संपला असं होत नाही. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं. जिथे विद्यार्थ्यांना तासातच काही करायला लावलं जात होतं, तिथे २१.८ टक्के. शंभरच्या वर्गात ही बारा मुलं होतात.

व्याख्यान पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. पंधरा-वीस मिनिटं बोला, मग पर्यायांचा एक प्रश्न टाका. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. २००९ मध्ये जनुकशास्त्राच्या एका पदवी वर्गावर झालेल्या अभ्यासात दिसलं की गटातल्या कुणालाच सुरुवातीला बरोबर उत्तर माहीत नसलं तरी चर्चेनंतर तशाच नव्या प्रश्नाला ती मुलं अधिक बरोबर उत्तरं देतात. म्हणजे हुशाराचं बघून लिहिलं, एवढ्यावर भागत नाही.

चर्चा पेटत नसेल तर तीन गोष्टी तपासा. प्रश्न फार सोपा आहे का? ऐंशी-नव्वद टक्के मुलं पहिल्या फेरीतच बरोबर असतील तर बोलायला उरतं काय? फार अवघडही नको. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तेव्हा वाद चांगला रंगतो. दुसरं, एकट्याने उत्तर नोंदवण्याची पायरी वगळली का? ती वगळली की गटातला एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. तिसरं, उत्तर तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय का? मुलं ते फार पटकन वाचतात.

चूक तिसरी: शब्दांचा डोंगर

पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकात नवे शब्द इतके असतात की परक्या भाषेचा वर्ग वाटावा. आधी शब्द आणि मग कल्पना, हा क्रम उलटा करून बघा. ‘मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या काकडीच्या फोडी मऊ का पडतात?’ इथून सुरू करा, पाणी कुठून कुठे गेलं हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या, आणि शेवटी सांगा की याला परासरण म्हणतात.

चूक चौथी: शिकवायचं एक, विचारायचं दुसरं

यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण मुलं आपण काय म्हणतो त्यापेक्षा पेपरात काय येतं त्यावरून अभ्यास ठरवतात. ‘समजून घ्या’ म्हणायचं आणि पेपरात ‘व्याख्या लिहा’ विचारायचं. मग ती पाठांतर करतात म्हणून कुरकुरायचं. उलटही घडतं. वर्गात आपण फक्त व्याख्या सांगतो आणि पेपरात अचानक नवी परिस्थिती देतो. मग पहिल्या चाचणीत अर्धा वर्ग आडवा.

‘परासरणाची व्याख्या द्या’ याच्या जागी विचारा: रुग्णाच्या शिरेतून ०.९ टक्के सलाइनऐवजी चुकून शुद्ध पाणी गेलं तर लाल रक्तपेशींचं काय होईल, आणि का? (पाणी आत शिरेल, पेशी फुगतील, फुटतील.) मात्र अशा धाटणीचे दोन-तीन प्रश्न आधी वर्गात सोडवून घेतलेले हवेत. सराव न देता ‘उपयोजनात्मक’ प्रश्न टाकणं हा मला सरळ अन्याय वाटतो.

उत्क्रांतीच्या पेपरात तर शब्दांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘जिराफाला उंच पानं हवी होती म्हणून मान लांब झाली’ अशा वाक्याला अर्धे गुण देण्याचा मोह होतो. देऊ नका. त्याखाली लिहा: ‘गरज कुणाला होती? पिढ्यांमध्ये नेमकं काय बदललं?’ आधीपासून असलेली विविधता आणि जगून संतती मागे ठेवण्यातला फरक, या दोन्ही गोष्टी उत्तरात दिसल्या तरच ते नैसर्गिक निवडीचं उत्तर. आणि आपणही बोलताना ‘जिवाणूंनी औषधाला प्रतिकार करायला शिकून घेतलं’ असं बोलून जातो. मुलं ते जसंच्या तसं उचलतात.

चूक पाचवी: ‘अजून अभ्यास कर’ एवढाच सल्ला

‘मॅडम, मी चार वेळा वाचलं, तरी पेपरात आठवलं नाही.’ हे खोटं नसतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एक उतारा काहींनी पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून सल्ला नेमका द्या: वही मिटून कोऱ्या कागदावर क्रेब्स चक्र (पेशीतल्या श्वसनाच्या अभिक्रियांचं चक्र) काढ, मग वही उघडून लाल पेनाने तपास. जिथे लाल शाई जास्त, तिथूनच उद्या सुरुवात.

आणि हे मुलांवर सोडू नका. दर आठवड्याला कमी गुणांची छोटी चाचणी ठेवली की कोण मागे पडतंय ते तिसऱ्या आठवड्यातच कळतं. सत्राअखेरीस कळून उपयोग नसतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रारंभिक जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात असा नियमित सराव आणि वर्गातल्या कृती आणल्यावर वंचित पार्श्वभूमीतून आलेल्या विद्यार्थ्यांची पिछाडी कमी झाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. घरी विचारायला कुणी नसलेल्या मुलाला ‘अभ्यास कसा करायचा’ हे वर्गाच्या रचनेतूनच मिळतं.

प्रॅक्टिकलचं थोडक्यात: कृती आधीच छापलेली, निरीक्षण आधीच माहीत, निष्कर्ष सीनियरच्या जर्नलमधून. निदान एक पायरी कोरी ठेवा. एन्झाइमच्या प्रयोगात कोणती तापमानं घ्यायची आणि तुलनेसाठी कोणती नळी ठेवायची, हे त्यांना ठरवू द्या. पहिल्या खेपेला गोंधळ होईल, वेळ पुरणार नाही. त्या दिवशी एक प्रयोग कमी करा.

चूक सहावी: तक्रार आली की मागे फिरणे

‘मॅडम शिकवतच नाहीत, सगळं आम्हालाच करायला लावतात.’ पहिल्या महिन्यात हे ऐकू येणारच. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत हेच दिसलं: कृतीवर आधारित तासात मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः झगडताना आपलं अज्ञान टोचतं. हे मुलांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगा.

मी आता सत्राच्या सुरुवातीलाच लोकर वाटते. प्रत्येकाने आपली मांडणी वहीत काढून तारीख टाकायची, चूक असली तरी खोडायची नाही. मिऑसिस संपल्यावर तेच पान उघडून शेजारी नवी आकृती काढायची. गेल्या खेपेला एका मुलीने जुन्या आकृतीतल्या लाल-पांढऱ्या गाठीवर बाण काढून लिहिलं होतं, ‘हे दोघं एकमेकांची नक्कल नाहीत, मग इथे गाठ कशी?’ मला दोनदा वाचावं लागलं. मग तिलाच फळ्यापाशी बोलावलं.