एमबीबीएसनंतर एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामात कसं शिरायचं

या क्षेत्रात येणारे तरुण डॉक्टर बहुतेकदा क्रमात चुकतात. पदवी मिळाली की लगेच एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी), आणि मग थेट एखाद्या संस्थेत प्रोग्रॅम ऑफिसर. अहवाल झकास लिहिता येतो, पण वर्षभर नियमित गोळ्या नेणारी बाई दोन महिने केंद्रावर का फिरकली नाही, हे काही सांगता येत नाही. म्हणून आधी ओपीडी, मग वस्ती आणि आकडे त्यानंतर, हा क्रम धरा.

सुरुवात इंटर्नशिपपासूनच करता येते. पीएसएमची (सामाजिक वैद्यकशास्त्राची) पोस्टिंग म्हणजे सुट्टी, असा सगळीकडे समज आहे. त्यातले काही दिवस मागून घेऊन आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, समुपदेशकाशेजारी बसा. लक्षणं नसलेल्या माणसाला ‘पॉझिटिव्ह’ हा निकाल तीन वेगवेगळ्या किटवर रक्त रिअॅक्टिव्ह आल्यावरच देतात. एका किटवरून कधीच नाही. बाहेरच्या लॅबमध्ये एकाच चाचणीवर सांगून मोकळे होतात आणि मग घरं मोडायची वेळ येते. विंडो पिरियड, म्हणजे संसर्ग झालेला असूनही चाचणीत न दिसण्याचा सुरुवातीचा काळ, अशिक्षित माणसाला दोन वाक्यांत कसा समजावायचा, हेही इथेच शिकायला मिळतं.

याच काळात सुई टोचण्याचा धोका तुम्हालाही असतो. टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, जखमेवर जंतुनाशक ओतू नका. पीईपीचा (संसर्गाची शक्यता आल्यावर घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा, ७२ तासांनंतर उपयोग नाही. पुढे २८ दिवस रोज गोळी. मळमळ झाली म्हणून दहाव्या दिवशी सोडणारे डॉक्टरच जास्त!

बंधपत्राचं वर्ष

सरकारी महाविद्यालयातून आलात तर बंधपत्राची सेवा बहुधा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल. तिथे गरोदर बाईची पहिली एचआयव्ही तपासणी होते. रिअॅक्टिव्ह आली तर खात्रीसाठी तिला आयसीटीसीला पाठवतात. गळती नेमकी या दोन जागांच्या मध्ये होते. चिठ्ठी दिली म्हणजे ती पोहोचली, असं धरू नका. तारीख ठरवा, गाडीचं बघा, दुसऱ्या दिवशी तिकडे फोन करा. आशाताई त्याच गावातली असते. तिला ‘रक्त पुन्हा तपासायचंय’ एवढंच सांगा. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गुप्तता बंधनकारक केली आहे, आणि गावात बातमी फुटली की ती बाई पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. बाळाला जन्मल्याबरोबर प्रतिबंधक औषध सुरू करायचं आणि सहाव्या आठवड्याच्या लसीला आलं की त्याच वेळी तपासणीसाठी डीबीएसचा (कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांचा) नमुना घ्यायचा.

एआरटी केंद्रात दोन वर्षं

यानंतर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीबाधितांना औषध देणाऱ्या केंद्रात, वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा शोधा. राज्यात या जागा महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत भरतात. मुंबईसाठी स्वतंत्र संस्था आहे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी चालू हवी. नेमणूक कंत्राटी असते आणि पगार खासगी प्रॅक्टिसच्या मानाने कमी. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

औषध लिहिणं इथे सोपं झालंय: बहुतेकांना रोज टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) एक गोळी. खरं कौशल्य व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंची मोजणी, वाचण्यात आहे. उपचार सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तो करतात. दर मिलिलिटरला १,००० प्रतींच्या वर गेला की लगेच औषध बदलण्याचा मोह होतो. आधी गोळ्या मोजा. दारू, रात्रपाळी, सासरी लपवलेली डबी यांची चौकशी करा, समुपदेशन वाढवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. बहुतेक वेळा औषध ठीकच असतं, ते पोटात जात नसतं. खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्रीचा घाम हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारा. क्षयाला विसरलेला डॉक्टर इथे रुग्ण गमावतो.

जोडीदाराला सांगण्याचा पेच हमखास येणार. रुग्णाने स्वतः सांगावं यासाठी आधी समुपदेशन करायचं. तो सांगणार नाही अशी खात्री झाली आणि जोडीदाराला खरोखर मोठा धोका असेल, तरच कायदा डॉक्टरला सांगण्याची मुभा देतो. तेही रुग्णाला पूर्वकल्पना देऊन, जोडीदाराला समक्ष भेटून. बाईला मारहाणीची भीती असेल तर तिच्यावर सक्ती नाही. प्रत्येक टप्प्याची नोंद केसपेपरवर ठेवा.

प्रेप, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून आधीच द्यायची दोन औषधांची गोळी, देताना लोक एक गोष्ट विसरतात. सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री हवी, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी तपासलेला हवा. संसर्ग लपलेला असताना दोनच औषधं दिली की विषाणू त्यांना दाद देईनासा होतो.

वस्तीतलं काम संध्याकाळचं. सांगलीत ‘संग्राम’, मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ अशा संस्था नव्वदच्या दशकापासून हे करत आहेत. पीअर एज्युकेटर (त्याच वस्तीतली, आपल्यासारख्यांना माहिती देणारी कार्यकर्ती) बोलत असेल तेव्हा आपण गप्प बसायचं. कंडोम कुठल्या आठवड्यात संपतात, पोलिसांची धाड पडली की बायका कुठे हलतात, हे तिलाच ठाऊक असतं.

मग पदव्युत्तर

आता एमडी कम्युनिटी मेडिसिन करा, तीन वर्षं. किंवा एमपीएच: मुंबईत टीआयएसएस, चेन्नईत आयसीएमआरची एनआयई. प्रयोगशाळेकडे ओढा असेल तर पुण्याजवळच्या भोसरीतली पूर्वीची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था आहे. प्रबंधाचा विषय सोपा म्हणून निवडू नका. भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग १९८६ साली चेन्नईत सापडले ते एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून. निर्मला सेल्लप्पन ती विद्यार्थिनी, आणि विषय सुचवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे.

आकड्यांत एक हिशेब पाठ हवा. ९५-९५-९५ (बाधितांपैकी ९५ टक्क्यांना निदान, त्यांतल्या ९५ टक्क्यांना उपचार, त्यांतल्या ९५ टक्क्यांत विषाणू दबलेला) हे उद्दिष्ट पूर्ण गाठलं तरी एकूण बाधितांपैकी विषाणू दबलेले सुमारे ८६ टक्केच भरतात, कारण तिन्ही टक्के एकमेकांचे गुणक आहेत. म्हणून नुसतं ‘उपचारावरचे ९५ टक्के’ असं कोणी सांगितलं की आधी विचारा, कशाच्या ९५ टक्के?

पुढच्या जागा जिल्हा पथकात, राज्य संस्थेत, नॅकोत (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेत) किंवा आंतरराष्ट्रीय संस्थांत सल्लागार म्हणून निघतात. मुलाखतीत ‘तुमच्या केंद्रात किती रुग्ण सुटले, का सुटले, परत किती आणले’ हे विचारलं जाण्याची तयारी ठेवा. अनुभवाचा दाखला दरवर्षी कंत्राट संपतानाच मागून घ्या. पदाचं नाव, तारखा आणि कामाचं स्वरूप त्यात लिहिलेलं असावं. नंतर अधिकारी बदलले की तो मिळायला महिने जातात.