महाविद्यालयीन क्वार्टरबॅकची दुसरी महत्त्वाकांक्षा : ती फुटबॉलच्या आड येते का, हे कसे पारखावे

दरवर्षी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, जवळ आला, की एखाद्या तरी महाविद्यालयीन क्वार्टरबॅकविषयी (आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूविषयी) तीच जुनी शंका डोके वर काढते. त्याला पुढे डॉक्टर व्हायचे आहे, कायद्याची पदवी घ्यायची आहे, किंवा दुसऱ्या एखाद्या खेळातही त्याला मागणी आहे. मग फुटबॉलवर त्याचे मन खरोखर आहे का? या शंकेचा विचार करताना बहुतेक जण तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवतात. हा मुलगा आज आपल्या खेळावर पुरेशी मेहनत घेतो का, हा पहिला. त्याच्या दुसऱ्या ध्येयाला लागणारा वेळ फुटबॉलच्या वेळेतून जातो का, हा दुसरा. आणि तो किती वर्षे खेळत राहील, हा तिसरा. माझ्या मते महत्त्वाकांक्षेवरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधता येते आणि तिसऱ्याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र तिच्यावरून काहीही कळत नाही, आणि नेमका तोच निष्कर्ष लोक सर्वांत आधी काढतात.

पारख करताना सुरुवात वेळापत्रकापासून करावी. महाविद्यालयीन फुटबॉलचे वर्ष ऑगस्टच्या शिबिराने सुरू होते. त्यानंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत नियमित हंगामाचे 12 सामने, वसंत ऋतूत 15 सराव आणि उन्हाळ्यात व्यायाम व पास झेलणाऱ्या रिसीव्हरांबरोबर सराव, असा तो क्रम असतो. या वर्षावर त्या मुलाची महत्त्वाकांक्षा ठेवून पाहावी आणि ती कुठे धडकते ते टिपावे. कायद्याचा अभ्यास बहुधा कुठेच धडकत नाही. स्टीव्ह यंगने सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सकडून खेळत असतानाच, हंगामाबाहेरच्या महिन्यांत शिकून 1994 मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, आणि जानेवारी 1995 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, सहा टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) देऊन तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

बेसबॉलचे तसे नाही, कारण त्याचा हंगामच वसंतात सुरू होतो. रसेल विल्सन नॉर्थ कॅरोलिना स्टेटचा क्वार्टरबॅक असताना 2010 मध्ये कोलोरॅडो रॉकीज या बेसबॉल संघाने त्याला निवडले, आणि 2011 च्या वसंतात तो बेसबॉलकडे गेला. फुटबॉलला तो किती वेळ देणार, यावर प्रशिक्षक टॉम ओब्रायन यांचे आणि त्याचे जमले नाही. संघाने माइक ग्लेननला पुढे आणले आणि विल्सनची वाट मोकळी केली. त्याच वर्षी विल्सन विस्कॉन्सिन विद्यापीठाला रोझ बोल या मानाच्या महाविद्यालयीन सामन्यापर्यंत घेऊन गेला, 2012 मध्ये एनएफएलमधील सिएटलने त्याला तिसऱ्या फेरीत घेतले आणि फेब्रुवारी 2014 मध्ये त्याने सुपर बोल जिंकला. इथे वेळेविषयीची तक्रार खरी होती, कारण वसंतातल्या सरावाला क्वार्टरबॅक नसणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या तक्रारीवरून मुलाच्या वृत्तीबद्दल निष्कर्ष काढणारे तेवढे चुकले.

वैद्यकाची गोष्ट सर्वांत अवघड आहे, म्हणून तिथे जरा थांबावे. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या नियमानुसार हंगामात खेळाडूकडून आठवड्याला 20 तासांहून अधिक सक्तीचे काम घेता येत नाही. पण या हिशेबात सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तासांचा धरतात, आणि प्रवास, दुखापतींवरील उपचार व नावापुरता ऐच्छिक असलेला व्यायाम त्यात येतच नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचे होते. रसायनशास्त्राचा वर्ग सरावाच्या वेळेशी जुळेना आणि अखेर आपण मानसशास्त्राकडे वळलो, असे त्याने 2014 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळापुढील, खेळाडूंना कर्मचारी मानावे का याविषयीच्या सुनावणीत सांगितले. मंडळाच्या शिकागोतील प्रादेशिक संचालकांनी त्या वर्षीच्या मार्चमधील निर्णयात नोंदवले, की हे खेळाडू हंगामात आठवड्याला 40 ते 50 तास आणि ऑगस्टच्या शिबिरात 50 ते 60 तास फुटबॉलला देतात. (पुढे ऑगस्ट 2015 मध्ये मुख्य मंडळाने हे प्रकरण आपल्या अधिकारात घेण्यास नकार दिला, तरी तासांचा हा हिशेब कुणी खोडून काढला नाही.) तेव्हा एखादा क्वार्टरबॅक आपल्याला हवा तो विषय घेता येत नाही म्हणून कुरकुरतो, तेव्हा आधी त्याने शेवटी काय सोडले ते विचारावे. कोल्टरने रसायनशास्त्र सोडले, सराव सोडला नाही.

वेळापत्रक पाहून झाले, की प्रत्यक्ष कामाकडे वळावे. क्वार्टरबॅकची मेहनत बाहेरून फारशी दिसत नाही. ती प्रतिस्पर्धी बचावफळीच्या चित्रफिती पाहण्यात, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंनी केलेला हल्ला) कुठून येणार हे ओळखण्यात आणि चेंडू हाती येण्यापूर्वी आपले रक्षण करणाऱ्या पुढच्या खेळाडूंची रचना बदलण्यात खर्च होते. तिच्या खुणा मात्र मैदानावर सापडतात. पहिल्या वर्षी ज्या ब्लिट्झने तो गोंधळत होता, तिसऱ्या वर्षी त्याच ब्लिट्झला तो कसा सामोरा जातो, हे पाहावे. डाव सुरू करण्याचे घड्याळ संपत आल्यामुळे टाइमआउट किती वेळा वाया जातो, तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) चेंडू योग्य माणसाकडे जातो का, सहकाऱ्यांनी त्याला कर्णधार निवडले आहे का, हेही पाहावे. मुलाखतीतल्या एका वाक्यापेक्षा दोन हंगामांतील सहा-सात पूर्ण सामने अधिक सांगतात. त्यासाठी वेळ काढावा लागतो, आणि कदाचित म्हणूनच ते कुणी करत नाही.

मन दुसरीकडे असूनही हे काम उत्तम होऊ शकते, याचा सर्वांत जुना आणि मला सर्वांत आवडणारा दाखला फ्रँक रायनचा आहे. क्लीव्हलँड ब्राउन्सचा हा क्वार्टरबॅक खेळता खेळता गणितात संशोधन करत होता. 27 डिसेंबर 1964 रोजी त्याच्या तीन टचडाउन पासांच्या बळावर ब्राउन्सने बाल्टिमोर कोल्ट्सला 27-0 असे हरवून विजेतेपद मिळवले, आणि पुढच्याच वर्षी राइस विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली. अलीकडचे उदाहरण हवे असल्यास जॉश डॉब्स पाहावा. टेनेसी विद्यापीठात त्याने एरोस्पेस अभियांत्रिकी घेतली होती. 2023 च्या हंगामात मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला आणले आणि पाचच दिवसांनी अटलांटाविरुद्ध अचानक मैदानात उतरावे लागले, तेव्हा प्रशिक्षक हेल्मेटमधील रेडिओवरून डाव समजावून सांगत असताना त्याने तो सामना 31-28 असा जिंकून दिला.

उलट बाजूही तपासावी, कारण दुसरे करिअर नसलेला खेळाडू झटून काम करतोच असे नाही. क्वार्टरबॅक कायलर मरेला 2018 मध्ये ओकलंडच्या बेसबॉल संघाने नवव्या क्रमांकावर निवडले होते. त्याच वर्षी त्याने ओक्लाहोमाकडून हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचे पारितोषिक मिळवले, 2019 मध्ये बेसबॉल सोडले, आणि त्याच वर्षी एनएफएलमधील ॲरिझोना कार्डिनल्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर घेतले. म्हणजे दुसरी वाट त्याने जाहीरपणे बंद केली होती. तरीही 2022 च्या त्याच्या मोठ्या करारात सामन्याच्या प्रत्येक आठवड्याला किमान चार तास स्वतंत्र अभ्यास करण्याची अट संघाने घातली, आणि तो वेळ व्हिडिओ गेम खेळण्यात गेला तर धरला जाणार नाही, असेही लिहिले. बोभाटा झाल्यावर ती अट काढण्यात आली. संघाला चिंता वाटली ती बेसबॉलची नव्हे, अभ्यासाच्या तासांची, हे इथे ध्यानात घ्यावे.

याच मरेसाठी कार्डिनल्सने ज्याला निरोप दिला, तो क्वार्टरबॅक जॉश रोझन या शंकेचा सर्वांत गाजलेला बळी होता. ऑगस्ट 2017 मध्ये, लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये अर्थशास्त्र शिकत असताना, शिक्षण आणि फुटबॉल एकत्र नांदत नाहीत, ती दोन पूर्णवेळ नोकऱ्यांसारखी आहेत, असे तो म्हणाला. घर सधन, बोलणे स्पष्ट, आणि त्याच्या माजी प्रशिक्षकांच्या सांगण्यानुसार प्रत्येक गोष्टीचे कारण विचारण्याची सवय. एवढ्यावर त्याला फुटबॉलची गरज नाही, असा बोलबाला झाला. 2018 मध्ये तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे अपयशी ठरला, म्हणून टीकाकार बरोबर होते असे आजही म्हटले जाते. मात्र पहिल्याच हंगामात त्याचा आक्रमण-समन्वयक (आक्रमणाचे डाव आखणारा प्रशिक्षक) अर्ध्यावर काढला गेला, वर्षाअखेरीस मुख्य प्रशिक्षकही गेला आणि वसंतात संघाने दुसरा क्वार्टरबॅक निवडला. या परिस्थितीतून निष्ठेचा वाटा वेगळा काढून दाखवणे कुणालाच शक्य नाही. यासाठी पारख करणाऱ्याने आपले मत निकालाआधी, कारणांसह लिहून ठेवावे.

दुसऱ्या ध्येयासाठी खेळाडू पूर्ण हंगाम बाहेर राहिला, तर प्रश्न खरोखर बदलतो. फ्लोरिडा स्टेटचा मायरन रोल क्वार्टरबॅक नव्हे तर सेफ्टी, म्हणजे मागे उभा राहणारा बचावपटू, होता, पण त्याचे प्रकरण इथे उपयोगी आहे. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर एक वर्ष ऑक्सफर्डला जाऊन आल्यावर, संघाला सोडून जाताना कसे वाटले, असे त्याला ड्राफ्टपूर्वी एका संघाने विचारले. 2010 मध्ये तो सहाव्या फेरीत निवडला गेला, एनएफएलच्या नियमित हंगामात त्याला एकही सामना मिळाला नाही, आणि पुढे तो मेंदूचा शल्यचिकित्सक झाला. वर्षभर न खेळलेल्या माणसाच्या हालचालींची तपासणी करणे रास्त आहे. ती धावपट्टीवर आणि मैदानावर करावी, मुलाखतीत टोमणा मारून नव्हे.

उरला तो किती वर्षे खेळेल हा प्रश्न, आणि इथे शंकेखोरांना काही अंशी मान्यता द्यावी लागते. ज्याच्यासमोर दुसरे आयुष्य तयार आहे, त्याला दुखापतींनंतर खेळ सोडणे सोपे जाते. क्वार्टरबॅक अँड्र्यू लकने 2011 चा ड्राफ्ट नाकारून स्टॅनफर्डमध्ये वास्तुरचनेची पदवी पूर्ण केली, 2012 मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, आणि ऑगस्ट 2019 मध्ये 29 व्या वर्षी, दुखापत, वेदना आणि उपचार यांच्या चक्राला कंटाळून निवृत्त झाला. तोवर त्याच्या इंडियानापोलिस संघाला त्याच्याकडून मेहनतीत काही कमी मिळाले, असे कुणी म्हटल्याचे आठवत नाही. पहिल्या फेरीतील खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. तेव्हा अंदाज त्या चार-पाच वर्षांपुरताच बांधावा. त्यापुढची शंका वाजवी असली, तरी ती कराराच्या रकमेत आणि मुदतीत मांडावी, मुलाच्या चारित्र्यात नव्हे.

मुलाखतीची संधी मिळाली, तर तुला फुटबॉल किती आवडतो, असे विचारू नये. त्याचे उत्तर प्रत्येकाला पाठ असते. गेल्या जुलैमध्ये आठवडा कसा गेला, ते दिवसागणिक सांगायला लावावे. त्याला हरवणाऱ्या बचावफळीचा एक डाव फळ्यावर काढायला द्यावा, आणि पुन्हा समोर आला तर काय बदलशील, हे विचारावे. दुसऱ्या व्यवसायाची तयारी कधी करणार, तेही सरळ विचारावे आणि सांगितलेले महिने फुटबॉलच्या महिन्यांशी ताडून पाहावेत. त्यानंतर क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक, संघाचा फिजिओ आणि चित्रफितींची खोली सांभाळणारा कर्मचारी, या तिघांशी वेगवेगळे बोलावे. त्यांचे म्हणणे जुळले नाही, तर सर्वाधिक वजन त्या कर्मचाऱ्याच्या शब्दाला द्यावे, कारण रात्री खोलीचे दिवे कोण मालवतो हे त्याला माहीत असते.