कॅटलिनाच्या काचेवर उमटलेला अंगठा

कॅटलिना हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बनावटीचं गस्ती विमान. पीबीवाय-५ आणि पीबीवाय-५ए या तिच्या दोन प्रकारांच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. ते अक्षर न बघता मी जोडायच्या प्लास्टिक मॉडेलचा डबा मागवला आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं. ५ म्हणजे निव्वळ फ्लाइंग बोट. पाण्यावर उतरायचं, पाण्यावरच मुक्काम करायचा, आणि किनाऱ्यावर ओढून घ्यायची वेळ आली तर बाहेरून चाकं लावून घ्यायची. ५ए स्वतःची चाकं अंगात घेऊन फिरते, धावपट्टीवरही उतरते. मला पहिली हवी होती, घरी दुसरी आली.

१/७२ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, याआधी दोन-तीन लढाऊ विमानं तुम्ही जोडली असतील असं धरून लिहिते आहे. नीपर कसा धरायचा, वॉटर पेपर कुठल्या नंबरचा घ्यायचा हे इथे सांगत बसत नाही. पण स्पिटफायरसारखं छोटं लढाऊ विमान जमलं म्हणजे कॅटलिनाही जमेल, हा हिशोब चुकीचा आहे. तिचे पंख खऱ्यात ३१.७ मीटर, म्हणजे आपल्या टेबलावर ४४ सेंटिमीटर. ते धडाला थेट चिकटत नाहीत. मधल्या एका खांबावर आणि चार तिरक्या दांड्यांवर छत्रीसारखे उभे राहतात. आणि धड म्हणजे एक लांब, पोकळ, चहूबाजूंनी बंद होणारा डबा. त्याच्या बंद होण्यावरच मी फसले, म्हणून या लेखात त्याचंच जास्त येणार आहे.

कॅटलिनाच का, हे आधी सांगते. ४ एप्रिल १९४२ ला पहाटे सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, दक्षिण किनाऱ्यावरच्या कोग्गला सरोवरातून कॅनडाच्या हवाई दलाच्या ४१३ स्क्वाड्रनची एक कॅटलिना उडाली. स्क्वाड्रन लीडर लेनर्ड बर्चल आणि आणखी आठ जण आत होते. बर्चल दोनच दिवसांपूर्वी तिथे पोहोचले होते. गस्त संपत आली असताना दक्षिणेला जहाजं दिसली. नीट बघायला ते जवळ गेले, तर तो जपानचा विमानवाहू ताफा निघाला. वायरलेसवरून खबर देता देताच जपानी झीरो लढाऊ विमानांनी कॅटलिना पाडली. तिघं गेले, सहा जण जपान्यांच्या हाती लागले, आणि बर्चल युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा शहर सावध होतं. ६ तारखेला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावरही बॉम्ब पडले. म्हणजे ती गस्त आपल्याही किनाऱ्याची होती. शाळेत युरोपातलं युद्ध पाठ केलं, हे कुणी सांगितलं नाही.

त्या विमानाचा क्रमांक एजे१५५, अंगावरची अक्षरं क्यूएल-ए. मला तेच बांधायचं होतं. आणि कॅटलिनात माझा जीव अडकला होता तो मागच्या दोन फुगीर काचांत. धडाच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या थेंबासारख्या बाहेर आलेल्या या काचांत माणसं तासन्‌तास बसून समुद्र बघायची. या विमानाचं कामच मुळी बघण्याचं. २६ मे १९४१ ला जर्मन युद्धनौका बिस्मार्क पुन्हा सापडली तीही ब्रिटिश २०९ स्क्वाड्रनच्या कॅटलिनाला. मॉडेलमध्ये बाकी काहीही कमीजास्त झालं तरी चालेल, त्या काचा स्वच्छ राहिल्या पाहिजेत, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं.

आता तो सापळा.

५एला तीन चाकं असतात, एक नाकाखाली आणि दोन धडाच्या दोन्ही बाजूंना. प्लास्टिकचं मॉडेल असं उभं केलं की शेपटीच्या वजनाने मागे बसतं. म्हणून नाकात वजन भरावं लागतं. मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानातून शिशाच्या बारीक गोळ्या आणल्या. नाकाच्या चाकाची पेटी आधीच बरीच जागा खाते. उरलेल्या फटींत, कॉकपिटच्या जमिनीखाली, जिथे मावेल तिथे त्या गोळ्या ठासल्या आणि वरून सुपरग्लू ओतला. एक थर, त्यावर गोळ्या, पुन्हा थर. जुलै महिना होता, नाशिकला पाऊस लागून राहिला होता, खिडक्या बंद. त्याच रात्री धडाचे दोन अर्धे भाग जोडले. दुसऱ्या दिवशी कॉकपिटची काच आणि मागच्या दोन्ही फुगीर काचा बसवल्या. धूळ बसू नये म्हणून सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात झाकून ठेवलं.

दोन दिवसांनी झाकण काढलं तर कॉकपिटची काच आतून पांढरी झाली होती. धुकं धरल्यासारखी. मला वाटलं दमटपणा आहे, पुसला जाईल. बाहेरून पुसून काहीच फरक पडेना. मग डावी फुगीर काच उजेडात धरली. तिच्यावर आतल्या बाजूने एक अंगठा उमटला होता. रेषा न्‌ रेषा मोजता येईल इतका स्पष्ट, पांढऱ्या रंगात. माझाच अंगठा.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण ‘काचेला सुपरग्लू लावू नका’ एवढा सल्ला सगळे देतात आणि तो अपुरा आहे. मी काचेला सुपरग्लू लावलाच नव्हता. मागच्या काचा पांढऱ्या गोंदाने बसवल्या होत्या. सुपरग्लू सुकताना त्याची वाफ निघते. ही वाफ जिथे ओलसरपणा किंवा बोटाचा घाम आणि तेलकटपणा असेल तिथे जाऊन बसते आणि तिथेच घट्ट होते, पांढऱ्या पुटासारखी. गुन्ह्याच्या तपासात बोटांचे ठसे उठवायला हीच पद्धत वापरतात: वस्तू बंद पेटीत ठेवायची, सुपरग्लूची वाफ सोडायची, थोडा दमटपणा द्यायचा. मी अजाणता नेमकं तेच केलं होतं. पेटी होती कॅटलिनाचं धड, दमटपणा पावसाने पुरवला, आणि ठसा काच बसवताना मी स्वतः दिला होता. गोंद नाकात होता आणि ठसा पार मागे उठला. आतल्या आडव्या भिंती धडाला हवाबंद बसत नाहीत, त्यामुळे वाफ सगळीकडे फिरते.

थर जाड असला की आतला गोंद दिवसेंदिवस ओला राहतो. वरून बोट लावून कडक लागला म्हणजे झालं असं नाही. आत वाफ निघतच असते, आणि धड बंद केल्यावर तिला जायला वाट नसते.

मागच्या काचा पांढऱ्या गोंदावर असल्यामुळे मी त्या ओल्या कापसाने कडा भिजवून सोडवल्या. उजवी निघाली आणि घासून साफ झाली. डावी काढताना तडकली. कॉकपिटची काच प्लास्टिक सिमेंटने बसवली होती. ती अंगाशी एक झाली होती, निघाली नाही. ते मॉडेल आज कपाटात आहे, पुढून आंधळं. मी आठवडाभर टेबलाकडे गेले नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही जाऊ नका. चिडलेल्या हाताने काच सोडवायला गेलं की तडकते, माझी तशीच तडकली.

मग करायचं काय? शिसं बसवायचं ते दोन नळ्यांच्या एपॉक्सीने. अ‍ॅराल्डाइट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पाच मिनिटांत धरणाऱ्या प्रकारापेक्षा सावकाश सुकणारा घ्या आणि रात्रभर सोडा. अ‍ॅराल्डाइटऐवजी एम-सील मळून त्यात शिसं दाबलं तरी उत्तम बसतं. पांढऱ्या गोंदात मात्र शिसं कधीच बुडवू नका. मला एका अनुभवी माणसाने हाच सल्ला दिला होता, वाफ नको ना, मग साधा गोंद घाल म्हणून. तो ऐकला असता तर काच वाचली असती आणि धड गेलं असतं. त्या गोंदातल्या आम्लामुळे शिशावर हळूहळू पूड धरते, ती फुगते, आणि काही वर्षांनी जोड उकलतो. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, त्याच टेबलावर चहा ठेवू नका.

वजन किती, हे कुणाला विचारू नका. मोजा. धड, पंख, इंजिनं, शेपटी सगळं कागदी टेपने तात्पुरतं एकत्र करा. मागची चाकं जिथे येणार तिथे खाली एक गोल पेन्सिल आडवी ठेवा. नाक आपोआप खाली जाईपर्यंत गोळ्या घाला, मग वर थोड्या जास्तीच्या, कारण रंगाचंही वजन होतं. नाकात जागा संपली तर इंजिनांच्या आवरणात भरा. तीही चाकांच्या पुढे येतात. इंजिनं न लावता मोजलं तर उगाच जास्त शिसं कोंबाल. निव्वळ बोटीला, म्हणजे ५ला, यातलं काहीच लागत नाही. किनाऱ्यावर ओढताना तिला बाहेरून लावायच्या चाकांपैकी एक शेपटीखालीच असतं. एक अक्षर वाचलं असतं तर माझा पावसाळा वाचला असता.

शिकवणाऱ्यांबद्दल थोडं बोलायलाच हवं. आमच्या इमारतीत ओझरच्या विमान कारखान्यात आयुष्य काढलेले एक काका आहेत. माझं पांढरं पडलेलं मॉडेल त्यांना दाखवलं तेव्हा ते हातात न घेता म्हणाले, “ठेव खाली. धड बंद करायच्या आदल्या रात्री काय काय केलंस ते क्रमाने सांग.” मी सांगत गेले आणि तिसऱ्या वाक्याला मलाच चूक सापडली. असा माणूस मिळाला तर सोडू नका. याउलट ‘आण इकडे, मी करून देतो’ म्हणणारे भरपूर भेटतात. त्यांच्या हाताने झालेला जोड सुबक दिसतो, पण पुढच्या वेळी तुमचा हात तिथल्या तिथेच असतो. ‘आधी दहा छोटी विमानं कर, मग याला हात लाव’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. ज्या विमानासाठी रात्री झोप लागत नाही ते करा. फक्त डबे दोन घ्यायची तयारी ठेवा.

व्हिडिओ बघा, जरूर बघा. पण त्यात वाट बघणं कापलेलं असतं. गोंद लावला, पुढच्या क्षणी सँडिंग. मधले दोन दिवस दिसत नाहीत, आणि माझा सगळा घोटाळा त्या न दिसलेल्या दोन दिवसांतच झाला. रेझिनचा महागडा कॉकपिट पहिल्या कॅटलिनाला घेऊ नका, धड बंद झाल्यावर त्यातलं फारसं काही दिसत नाही. पैसे घालायचे असतील तर रंग मारताना काचा झाकायला आयत्या कापून मिळणाऱ्या चिकट पट्ट्यांवर, म्हणजे मास्कवर घाला. फुगीर काचेवरच्या पट्ट्या हाताने मास्क करणं नवशिक्याचं काम नाही, आणि हा शॉर्टकट घेण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

पंखांची भीती मात्र बाळगू नका, दिसतात तेवढे अवघड नाहीत. मधला खांब आधी बसवा. खऱ्या विमानात फ्लाइट इंजिनिअर त्या खांबात बसायचा, त्याच्या छोट्या खिडक्या विसरू नका. पंख ठेवल्यावर समोरून बघा, दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर हवीत. मग दोऱ्याने प्रत्येक टोकापासून शेपटीपर्यंतचं अंतर मोजा, तेही सारखं आलं पाहिजे. पुठ्ठ्याचे दोन आधार कापून त्यांवर पंख टेकवा, मग दांड्या सावकाश सुकणाऱ्या सिमेंटने लावा. थोडा वेळ तुम्हाला हलवायला मिळतो, तेवढा पुरतो.

रंगाचं थोडक्यात: किनारी गस्तीच्या ब्रिटिश विमानांना वरून दोन रंग असत, गडद समुद्री करडा आणि हिरवट झाक असलेला करडा. लॅकर पावसाळी हवेत मारला की दुधाळ होतो, उघडीप बघून मारा. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणा, लावण्याआधी चकचकीत वार्निश हवंच, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. आणि विमान कुठल्या देशाचं ते सांगणाऱ्या गोल खुणांकडे लक्ष द्या. जपानी लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून या आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांच्या खुणांमधला लाल पुढे काढून टाकला. बर्चलच्या विमानाला ती नंतरची निळी-पांढरी खूण लावू नका.

दुसरा डबा आला आहे, या वेळी ५. त्यात वजन नाही, शिसं नाही, तरी आतल्या दोन भिंतींना मी सवयीने सुपरग्लूचा एकेक थेंब लावलाच. म्हणून आता एक चाचणी करते, ती तुम्हीही करा. पारदर्शक भाग ज्या चौकटीला लागून येतात त्या चौकटीचा एक तुकडा कापायचा, त्यावर मुद्दाम अंगठा दाबायचा, आणि तो धडात ठेवून दोन्ही भाग नुसते टेपने बंद करायचे. तीन दिवसांनी उघडून उजेडात बघायचं. पहिल्या खेपेला माझ्या तुकड्यावर अंगठ्याची पुसट पांढरी कड आली होती. धड चार दिवस उघडं ठेवलं, पंख्याखाली. काल नवा तुकडा आत टाकला आहे, तो शुक्रवारी काढायचा.