गेम फेस्टिव्हलला व्हॉलंटियर होताय? मग स्क्रीनकडे पाठ करा

मी एस.टी.त कंडक्टर आहे. भाच्याच्या मित्रांनी गेमिंग फेस्टिव्हल भरवला तेव्हा गर्दी सांभाळायला माणूस हवं होतं, आणि त्याने मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. तेव्हापासून सुट्टी जुळली की जाते. पोरं मला मावशी म्हणतात. गेम मला आजही धड खेळता येत नाही, पण या कामात त्यावाचून कधी अडलं नाही. उलट खेळाची फार हौस असलेला पोरगा इथे कुचकामी, कारण त्याचे डोळे स्क्रीनवर चिकटलेले. तुम्ही स्क्रीनकडे पाठ करायची आणि माणसांची तोंडं बघायची.

नाव देतानाच विचारून घ्या: शिफ्ट किती तासांची, जेवण कोणाकडून, मध्ये बसायला कधी मिळणार, अडलं तर फोन कोणाला करायचा. आमच्या नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या एखाद्या लॉन्सवर कार्यक्रम असेल तर परतीची शेवटची सिटीलिंक, म्हणजे सिटी बस, किती वाजता तेही बघा. पायात बूट. खिशात मार्कर आणि चिकटपट्टी. आणि सकाळी मिसळ हाणून येऊ नका. तर्री दुपारी बोलायला लागते आणि तेव्हाच तुमच्या जागी उभं राहायला कोणी नसतं.

दारं उघडण्याआधी आपल्या टेबलाखाली वाका. चालण्याच्या वाटेवर आलेली वायर पट्टीने जमिनीला चिकटवा. एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचलेला दिसला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः हात घालू नका. कंट्रोलरवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या बटणांच्या डबीवर, नंबर टाका. स्पर्धा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बिनवायरचा कंट्रोलर कन्सोलला, म्हणजे गेमच्या यंत्राला, एकदा जोडला की जोडलेलाच राहतो. खेळून झालेला पोरगा घरून आणलेला आपला कंट्रोलर सॅकमध्ये टाकतो, सॅकमध्ये बटण दाबलं जातं आणि इकडे दुसऱ्यांची मॅच मध्येच थांबते. मग जी भांडणं होतात! म्हणून मॅच संपली की कंट्रोलर कन्सोलपासून तोडून घ्यायचा, मगच खेळाडूला सोडायचं.

आता रांग. खरं काम हेच.

हिशेब आधी करा. दहा मिनिटांचा डाव, आणि कंट्रोलर पुसून गेम पहिल्या पानावर आणायला दोन मिनिटं. म्हणजे तासाला पाच जण. पुढे पंधरा माणसं उभी असतील तर सोळाव्याला तीन तास थांबावं लागणार, आणि हे त्याला रांगेत शिरतानाच तोंडावर सांगायचं. लोक थांबायला तयार असतात. कधी नंबर लागेल ते कळत नाही तेव्हा चिडतात. नांदुरीला सप्तशृंगी गडाच्या गाड्यांसाठी यात्रेत मैदानभर माणूस उभा असतो, तिथेही हेच बघितलंय. कागदाच्या चिठ्ठ्या करा, चिठ्ठीवर वेळ लिहा, माणसाला फिरायला मोकळं सोडा. बंद व्हायच्या एक तास आधी फक्त पाच जण ठेवायचे आणि शेवटच्याच्या हातात 'रांग बंद' लिहिलेला पुठ्ठा द्यायचा. तो स्वतःच बाकीच्यांना परतवतो, तुमच्यापेक्षा कडक.

मध्ये घुसणारे येणारच. "आम्ही नगरसेवकांच्या घरचे," असं कोणी म्हणालं तर आवाज न चढवता म्हणायचं, "साहेबांनाही बोलवा, त्यांनाही चिठ्ठी देते." "बाळाला दोनच मिनिटं" म्हणणाऱ्या आईशी मात्र वाद घालू नका, तिला लहान मुलांचा गेम कुठे आहे ते दाखवा. डब्यावर 18 चा आकडा असलेला गेम लहान पोराला द्यायचा नाही, सोबत बाप उभा असला तरी. कोपऱ्यात कोणी शंभर-शंभर लावून खेळत असतील तर लगेच प्रमुखाला सांगा. पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली आहे, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, त्याच कायद्यात वेगळी मान्यता आहे. पालक "हा जुगार तर नाही ना?" असं हमखास विचारतात, तेव्हा एवढं सांगता आलं पाहिजे.

मुलगी खेळायला बसली की मागून दोन शहाणे तिच्या हातातला कंट्रोलर ओढून "असं कर" म्हणतात. त्यांना मागे घ्या. मदत हवी का, हे तिलाच विचारा. आणि स्वतःही कोणाच्या हातातून कंट्रोलर घेऊ नका. विशेषतः नवीन गेम बनवणाऱ्यांच्या टेबलावर तोंड बंद. खेळणारा कुठे अडकतो हेच बघायला ती पोरं आलेली असतात. तुम्ही वाट दाखवलीत तर त्यांचा दिवस वाया. "आपल्याकडे बनतात का असले गेम?" असं कोणी काका विचारतील. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने बनवलेला 'राजी' 2020 मध्ये आला, हे उत्तर तयार ठेवा.

व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून खेळायच्या गेमचं, टेबल मिळालं तर दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा पट्टीने आखा आणि आत कोणाला येऊ देऊ नका. ओढणी कमरेला खोचायला सांगा. हेडसेट चढवण्याआधीच सांगा, "भिंतीकडे गेलात तर मी खांद्याला हात लावीन." डोळे झाकलेल्या माणसाला न सांगता धरलं तर तो दचकून हात फिरवतो. चेहरा पांढरा पडला, घाम आला की खेळ थांबवून खुर्ची द्या. रिकामा हेडसेट उन्हात ठेवू नका, लेन्समधून ऊन आत शिरलं की स्क्रीन जळते.

झगमगत्या उजेडाने कोणाला फिट येऊ शकते. आपल्याकडे लगेच कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावायला लोक धावतात, त्यांना अडवा. आजूबाजूच्या खुर्च्या हलवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, झटके थांबले की कुशीवर वळवा. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108.

स्टेजवरून टी-शर्ट, कीचेन गर्दीत फेकायची टूम निघाली की मी भांडते. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. नाणी उधळली आणि ती उचलायला लोक वाकले, असं तेव्हा सांगितलं गेलं. बक्षीस हातात द्या, नाव पुकारून द्या.

हरवलेलं पोर सापडलं तर माइकवर त्याचं नाव आणि कपडे सांगायचे नाहीत. दोघांनी त्याच्याजवळ थांबायचं, आणि न्यायला येईल त्याने आधी कपड्यांचा रंग सांगायचा.

संध्याकाळी कंट्रोलर नंबरप्रमाणे मोजून द्या आणि सही घ्या. राहिलेल्या बाटल्या, इअरफोन, चष्मे प्रमुखाकडे. प्रमाणपत्र मिळणार असेल तर त्यावर तास लिहून शिक्का त्याच दिवशी मारून घ्या, मंडप सुटल्यावर कोणी फोन उचलत नाही.